पाइप खाली हाय

"पानी कुठी जाते थे तू मले नोको सांगू. मी वावरात ओलित करत मोठी झाली. गेज बी बरोबर हाय अन् मॉडेल बी बरोबर हाय. मंग मधात कोनीतरी खाऊन राहिलं."

"कोणीतरी म्हणजे कोण, ताई?"

"मानूस. आखिन कोन? पाइप काय सोताच पानी पेते?"

नेपियर टाउनमध्ये डोळ्यांच्या दवाखान्याच्या माडीवर एक ऑफिस आहे, तिथं हे बोलणं चाललं होतं. बोलणारी बेबीताई. ऐकणारा यशोधन, तिच्या पोराच्या वयाचा इंजिनियर. दोघांच्या समोर कॉम्प्युटर आणि त्यावर जबलपूर शहर, नुसत्या निळ्या रेघांचं.

बेबीताईचं नाव खरोखरच बेबी आहे. लाडाचं वगैरे नाही. सौसरजवळच्या संत्र्याच्या गावात ती बापाला झालेली पाचवी पोरगी. बापानं नाव शोधायचा कंटाळा केला आणि दवाखान्याच्या कागदावर नर्सनं जे लिहिलं होतं तेच शाळेत सांगितलं. आता केस पिकले, गुडघे कुरकुरतात, तरी ऑफिसात ती बेबी दीदीच. नवीन माणूस आला की नाव ऐकून हसतो. ती त्याला पोटभर हसू देते अन् मंग म्हणते, "झालं? आता फाइल दे."

आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकली तेव्हा गावातल्या बाया म्हणायच्या, पोट्टी रेघा वढून काय खाईन? रेघा ओढूनच खाल्लं तिनं. लग्न होऊन जबलपूरला आली, नवरा मोहन खमरियाच्या फॅक्टरीत. तो निवृत्त होऊन घरी बसला, ही अजून रेघा ओढून राहिली. आधी तिरप्या टेबलावर शाईनं, मग कॉम्प्युटरवर, आता फोन हातात घेऊन रस्त्यारस्त्यानं.

सध्याचं काम असं. शहरातले सगळे पाण्याचे पाइप नकाशावर आणायचे. कोणता कुठून कुठं गेला, केवढा जाड, कधीचा, आणि तिथली जमीन किती उंच. हा नकाशा बेबीताई करते. मग यशोधन तो दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये टाकतो आणि त्यात पाणी सोडतो. खरं नाही, हिशोबाचं. टाकी उघडली की कोणत्या नळाला किती जोर येईल ते तो प्रोग्राम सांगतो. त्याला मॉडेल म्हणतात. नकाशा म्हणजे बाजारात उभा केलेला बैल, आणि मॉडेल म्हणजे तो बैल चालवून दाखवणं. रस्ता खोदला, पाइप बदलला की नकाशा बदलतो, आणि नकाशा बदलला की मॉडेलही बदलावं लागतं. नाही बदललं तर मेलेला बैल कागदावर चालत राहतो.

त्या दिवशी बैल अडला होता चट्टानटोल्यावर. शहराच्या कडेला काळ्या खडकांची टेकडी आहे. खडक एकमेकांवर असे टेकलेले, की जवळ उभं राहून शिंकायची हिंमत होत नाही. माथ्यावर जुनी टाकी. टाकीच्या जरा खाली, खडकांच्या सांदीसांदीत चट्टानटोल्याची घरं. आणि पार तळाशी, नाल्यापलीकडं, गोकुळ विहार नावाची नवी कॉलनी.

मॉडेल म्हणत होतं, टोल्याच्या नळाला असा जोर आहे की पाणी आपोआप गच्चीवर चढावं. तिथं बसवलेलं गेज, म्हणजे पाण्याचा जोर मोजायचं घड्याळ, म्हणत होतं की पाणी बादलीच्या काठापर्यंत चढलं तरी नशीब. टाकीतून तर पाणी धो धो बाहेर पडत होतं. मग गेलं कुठं?

बेबीताईनं उत्तर देऊन टाकलं होतं. माणूस खातो.

ते उत्तर काचेच्या खोलीतल्या दिवाकरजींनी ऐकलं. दिवाकरजी प्रोजेक्टचे मॅनेजर. ते बाहेर आले, चेहऱ्यावर सणासुदीचं हसू. "चोरी. बेबी दीदी ने सही पकडा. टुल्लू पंप लगा के खींच रहे हैं सब."

गुळाच्या ढेपेला मुंगळा चिकटावा तसा तो शब्द रिपोर्टला चिकटला. कंपनीचा रिपोर्ट पाण्याच्या खात्याकडं गेला, खात्यानं वाचला, आणि ठरलं की चट्टानटोल्यात ज्याच्या नळाला पंप सापडेल त्याचं कनेक्शन सोमवारपासून तोडायचं. पंप कुठं कुठं आहेत त्याच्या खुणा नकाशावर करायला कोणाला पाठवायचं? बेबीताईला.

ती खुशीनं गेली. तिचा नकाशा, तिचं मॉडेल, तिनं पकडलेली चोरी.

पंप होते. लपवलेलेही नव्हते. दारातल्या नळाला पंप, त्यावर ऊन लागू नये म्हणून घमेलं पालथं घातलेलं. बेबीताई फोनवर खूण करत करत चढत गेली आणि प्रतिमाच्या दारात येऊन थांबली. प्रतिमा बडा फुहारा बाजारातल्या कापड दुकानांसाठी घरी बसून साड्यांना फॉल लावते. मांडीवर साडी, तोंडात सुई. तिनं सुई काढली.

"फोटो ले रही हो मैडम? रुको, घमेला हटा दूँ. अच्छा आएगा."

"ये पंप किसने लगाया?"

"हमने. और कौन लगाएगा? ससुर तो लगाने से रहे, वो तो फोटो में हैं."

"मालूम है ना, ये चोरी है?"

"चोरी तो तब हो जब कुछ मिले. चला के दिखाऊँ? आधा टाइम हवा खींचता है."

बेबीताईला राग आला. तिच्या कामाला कोणी नाव ठेवलं की तिच्या डोक्यात आधी राग येतो, विचार मागून चालत येतो. ती म्हणाली, "ऊपर टंकी, उसके नीचे तुम. पानी पूरा आता है तुमको. हमारा मॉडेल झूठ नहीं बोलता."

प्रतिमानं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दातानं तोडला. घाई केली नाही. "तो मॉडेल को बोलो, किसी दिन हमारे यहाँ आके एक बाल्टी भर दे."

शेजारच्या दारातल्या बाया हसल्या. बेबीताई नाही हसली.

"पानी जाता किधर है फिर? हवा में?"

"हमको क्या पता. हमारे सामने से नीचे चला जाता है. पाप हमारे माथे, पानी नीचे."

"नीचे कहाँ?"

"नीचे मतलब नीचे, दीदी. अब नीचे को और क्या बोलें?"

बेबीताई पाठ फिरवून निघाली. टोल्याच्या पायऱ्या म्हणजे खडकात टाचेपुरती जागा, उतरताना भिंत धरावी लागते. ती भिंत धरून, बडबड करत उतरत होती. रागात माणूस आपल्याच भाषेत बोलतो, तशी ती प्रतिमाचं बोलणं आपल्या भाषेत घोळवत होती, चिडवायला. "पानी नीचे जाता है म्हने. मले शिकवते. पानी खाली जाते म्हने. खाली नाही जाईन तं काय झाडावर..."

तिचा पाय तिथंच थांबला.

खाली.

हा शब्द तिनं कुठंतरी लिहिला होता. याच टेकडीवर. मागच्या हिवाळ्यात टाकीच्या लाइनी नकाशावर घ्यायला ती आली होती, तेव्हा टाकीचा वालवाला, म्हणजे चाबीनं पाणी सोडणारा-बंद करणारा, तुळशीराम सोबत होता. तुळशीराम वर्ध्याकडचा, त्यामुळं दोघांचं जमतं. टाकीतून दोन पाइप निघतात, त्यानं पायानं दाखवलं होतं. एक टोल्याकडं. दुसरा उतारानं जातो आणि नाल्यावरच्या पुलियाच्या पोटातून पलीकडं निघतो. रस्त्यावरून तो दिसत नाही. तुळशीराम म्हणाला होता, "थे पुलियापाशी खाली हाय, पाहून घ्या." बेबीताई वाकून पाहून आली, आणि फोनवर त्या लाइनीच्या रिमार्कमध्ये लिहिलं, खाली. उद्या कोणी पुलिया खोदायला आला तर त्याला कळावं, पाइप खाली आहे, कुदळ सांभाळून घाल.

ती ऑफिसात परतली. चप्पल काढली नाही, पाणी प्यायली नाही, सरळ यशोधनच्या मागं जाऊन उभी राहिली.

"जुन्या टाकीची नाल्याकडची लाइन काढ."

त्यानं काढली. सगळं शहर निळं, आणि ती एक रेघ राखेच्या रंगाची.

"हे मेल्यावानी काहून दाखवून राहिला?"

"बंद आहे ना ती."

"कोन म्हनते?"

"तुम्हीच लिहिलंय, ताई. हे बघा. खाली."

"हाव. खाली हाय."

"मग? खाली म्हणजे वापरात नाही. पाइप खाली पडलाय."

"पडला नाही रे, भैताडा. खाली हाय. पुलियाखाली. मानसाच्या पायाखाली जमीन राह्यते तसा खाली."

यशोधननं हळूच दुसरी खिडकी उघडली. रिमार्क हजारो, एकेक कोण वाचत बसेल? म्हणून त्यानं मशीनला शब्द देऊन ठेवले होते: बंद, सूखी, टूटी, खाली. ज्या लाइनीच्या रिमार्कमध्ये यातला शब्द सापडेल तिचं पाणी मॉडेलमध्ये तोडायचं. बाकी सर्वेक्षणवाले सगळे हिंदीत लिहिणारे. त्यांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामी.

"मला वाटलं हिंदीत लिहिलंय," तो म्हणाला.

"तू कोनाच्या घरचा? मराठीच ना?"

"मराठीच. पण ऑफिसात डोकं हिंदीत चालतं, ताई. आणि तुम्ही पण म्हणता की डबा खाली आहे. काल चहाच्या वेळी म्हणालात."

"डब्याचं अलग हाय."

"काय अलग आहे?"

बेबीताईनं विचार केला. डब्याचं काहीच अलग नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली. "लिवलं म्या, वाचलं तू. दोघाची चूक. आता चालू कर थे लाइन."

त्यानं लाइन जिवंत केली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. राखाडी रेघ निळी झाली, जाड निळी. टाकीतलं पाणी टोल्याकडं न वळता उतारानं पुलियाखालून थेट गोकुळ विहारात गेलं. आणि चट्टानटोला लाल झाला. लाल म्हणजे नळाला जोर नाही. आकडा काढला तर गेजच्या आकड्याला अगदी लागून.

गोकुळ विहाराला नव्या टाकीचं पाणी आहे, हे कागदोपत्री खरंच होतं. जुन्या टाकीचंही येतं, हे कोणाला माहीत नव्हतं. कसं असणार? ज्याच्या नळाला पाणी येतं तो कधी फोन करत नाही.

"चला, सापडलं," यशोधन म्हणाला. "दिवाकरजींना सांगतो."

"थांब. मॉडेलनं एकदा तोंडघशी पाडलं. आता माह्या कानानं ऐकीन, मंग सांगीन."

सकाळी पाणी सोडायच्या वेळी ती पुलियाखाली हजर होती. साडीचा पदर कमरेला, पायात प्लास्टिकचे बूट, आणि समोर तुळशीराम, हातात लांब लोखंडी सळई. सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानाला. पाणी धावत असलं की सळईतून ऐकू येतं. वालवाल्यांची ही पद्धत जुनीच, तिला पोटापाण्यासाठी कधी लागली नव्हती.

"काय गा, ह्या लाइनीचा वाल कधी बंद केलता?"

"बंद? कोनी सांगतलं बंद कर म्हनून? बारा महिने उघडाच राह्यते थो."

"तुले टोल्यात पानी नाही जात थे मालूम नव्हतं?"

"मालूम होतं."

"मंग बोलला काहून नाही?"

"मले कोन इचारते, बेबीताई? मले म्हनते चाबी फिरव, मी फिरवतो."

बेबीताईनं सळई कानाला लावली. आत पाणी असं घरघरत होतं, जसं रात्रभर जागलेला म्हातारा घोरतो. तिनं सळई तुळशीरामला परत दिली आणि सरळ दिवाकरजींकडं निघाली.

दिवाकरजींनी ऐकून घेतलं. मान डोलावली. मग काचेच्या खोलीचं दार लावलं, म्हणजे बाहेर फक्त अर्धंच ऐकू येईल.

"दीदी, रिपोर्ट तो जा चुकी."

"वापस बुलाओ."

"वापस बुलाएँगे तो विभाग वाले पूछेंगे कि बाकी मॉडेल का क्या भरोसा. नोटिस निकल जाने दो. अगले अपडेट में चुपचाप ठीक कर देंगे."

"अगले अपडेट तक वो लोग क्या पिएँगे? अपडेट?"

"पंप तो लगे हैं ना उनके? वो तो गैरकानूनी है ही."

"पानी नाही म्हनून पंप हाय. पंप हाय म्हनून पानी नाही, असं नाही." रागात तिची हिंदी सुटून मराठी आली, पण दिवाकरजींना कळलं. एवढ्या वर्षांत त्यांना बेबीताईची मराठी रागातच जास्त ऐकायला मिळाली होती.

ते जरा मऊ झाले. "देखो, चोरी की बात किसने निकाली थी? आपने. खाली किसने लिखा? आपने. नाम आपका आएगा. कॉन्ट्रैक्ट आपका रिन्यू होना है. मैं आपको बचा रहा हूँ."

"नाम आने दो. वैसे भी मेरा नाम आज तक कोई बिना हँसे लेता नहीं."

"सोच लो."

"चोर म्या म्हटलं त्याइले. आता वापस बी म्याच घेईन."

सोमवारच्या आधी खात्यात बैठक होती. तिथं बेबीताईला बोलायला बोलवत नसत. तिचं काम कोपऱ्यात बसून लॅपटॉप चालवायचं. दिवाकरजी म्हणतील, अगला, की तिनं पुढचा नकाशा भिंतीवर आणायचा. दिवाकरजींनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, जुनी फाइल लावायची.

तिनं जुनी फाइल लावली. सांगितलेलं काम ती करते.

समोर शरयू मॅडम बसल्या होत्या, खात्यातल्या मोठ्या इंजिनियर. त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेसोबत इकडं आलेलं. इतक्या पिढ्या झाल्या, तरी घरात मराठी लोणच्याच्या बरणीसारखी जपलेली, ओला हात लागू देत नाहीत. दिवाकरजी बोलत होते, भिंतीवर चट्टानटोला निळाशार दिसत होता, आणि गेजचा आकडा खाली बारीक अक्षरात.

"अगला," दिवाकरजी म्हणाले.

भिंतीवर चट्टानटोला लाल झाला.

"ये नहीं, दीदी. अगला."

"यही है अगला." बेबीताई उभी राहिली. उभं राहताना गुडघा कडकन वाजला, तो सगळ्यांनी ऐकला. "वो वाला गलत था. चट्टानटोले में चोरी नहीं है. पानी पुलिया के नीचे वाली लाइन से गोकुळ विहार में उतर रहा है. वो लाइन हमने मॉडेल में बंद रखी थी. सुबह जाके मैंने खुद कान लगा के सुना है, पानी भर के चल रहा है."

"बंद क्यों रखी थी?" कोणीतरी विचारलं.

तिनं लाइनीवर क्लिक केलं. रिमार्क भिंतीवर आला, हातभर अक्षरात. खाली.

हिंदीवाले लोक एकमेकांकडं पाहायला लागले. खाली लिहिलंय, मग बंद ठेवली, यात चूक कुठली? फक्त शरयू मॅडम पुढं वाकल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"मी."

"पुलाखाली, असं म्हणायचं होतं?"

"हाव."

"मग 'खालून' लिहायचं. पाइप पुलाखालून जातो. 'खालून' लिहिलं असतंत तर हा घोटाळा झालाच नसता."

बरोबरच बोलत होत्या त्या. कोणी शहाणी बाई असती तर तिनं मान डोलावली असती, काम निघत होतं. पण बेबीताईच्या डोक्यात राग आधी येतो, हे वर सांगितलंच.

"तुमच्याइकडं जात असन खालून, मॅडम. आमच्या वावरात पानी खालीच जात होतं. माहा बाप म्हने, पान्याचा दांड खाली फोड. म्या फोडला, पानी गेलं. कोन्या झाडानं नाही इचारलं का खाली का खालून."

यशोधननं डोळे मिटून घेतले. दिवाकरजींना सगळे शब्द कळले नाहीत, पण सूर कळला.

शरयू मॅडमनी विचारलं, "अशी 'खाली' लिहिलेली अजून किती ठिकाणं आहेत?"

हा प्रश्न खरा होता. याची भीती बेबीताईला पुलियापासूनच होती. "जिथी जिथी पाइप पुलियाखालून, नाहीतर रेल्वेखालून..." ती थांबली. खालून हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला होता. शरयू मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला, बाकी चेहरा तसाच. "लय हायेत," बेबीताईनं वाक्य दुसऱ्याच वाटेनं नेलं.

"मग नोटिसा थांबवा," शरयू मॅडमनी हिंदीत सगळ्यांना सांगितलं. "पुलियाच्या लाइनीचा वाल अर्धा आवळा. गोकुळ विहारला नवी टाकी आहे, ते मरणार नाहीत. आणि 'खाली' लिहिलेली प्रत्येक लाइन जागेवर जाऊन तपासा. ज्यांनी लिहिलं त्यांनीच. तोवर हे मॉडेल कुठल्याही कामाला वापरायचं नाही." मग बेबीताईकडं वळून मराठीत, "पंप मात्र अवैधच आहेत. तेही काढायचे."

"पानी चढू द्या. पंप म्या काढून आनीन."

बाहेर जिन्यात दिवाकरजी पुढं पुढं उतरत होते. तपासणी संपेपर्यंत कंपनीचं बिल अडकणार होतं, ते त्यांच्या चालण्यात दिसत होतं. दारापाशी येऊन म्हणाले, "एक बात. आगे से रिमार्क हिंदी में. मराठी बंद."

"हिंदी में भी वो खाली ही है, दिवाकरजी. बदलूँ क्या उसमें?"

ते स्कूटरला लाथा मारत बसले.

वाल आवळल्यावर बेबीताई टोल्यात गेली. प्रतिमाच्या दारातली बादली नळाखाली होती आणि काठावरून सांडत होती. प्रतिमानं वर पाहिलं, सुई तोंडात तशीच. धन्यवाद वगैरे काही नाही. टोल्यानं तिचे पाय धरावे असं तिनं काय केलं होतं? आधी चोर म्हणाली, मग नाही म्हणाली.

"मॉडेल आया था क्या?" प्रतिमा म्हणाली. "बाल्टी भर गया."

"पंप निकालो अब."

"निकालेंगे. पहले दो-चार दिन देख तो लें, आपका खाली फिर से खाली ना हो जाए." ऑफिसातली गोष्ट टोल्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. तुळशीराम चाबी फिरवतो तसं तोंडही फिरवत असावा.

"घमेलं बी काढा मंग," बेबीताई म्हणाली, "कोंबड्या बसते त्याच्यावर." प्रतिमाला ते कळलं नाही, तरी हसली.

तेव्हापासून बेबीताईचा दिवस ऑफिसात निघत नाही. ती सकाळी पाणी सुटायच्या वेळी निघते. सोबत तुळशीराम, सळई, आणि फोनमध्ये नकाशा. एकेक पुलिया, एकेक नाला. यशोधन तिकडं बसून वाट पाहतो. एका लाइनीचा निकाल आला की तो मॉडेल बदलतो आणि पुढची मागतो. मशीनच्या शब्दांतून त्यानं खाली काढून टाकलं. आता तो रिमार्क स्वतः वाचतो, आणि अडलं तर फोन करतो. त्याची आई म्हणते, पोरगा हल्ली घरी मराठी बोलायला लागला, तब्येत तर बरी आहे ना.

रिमार्क बेबीताई मराठीतच लिहिते. फक्त आता एका शब्दावर थांबत नाही. नाल्याखाली पाइप आहे आणि पाणी चालू आहे, तर ती लिहिते, "खाली हाय, खाली नाही."

पहिल्यांदा हे वाचून यशोधननं फोन केला होता. "ताई, हे काय कोडं आहे?"

"कोडं काय त्याच्यात? वाच ना. पहिलं मराठी, दुसरं हिंदी."

आज ती रेल्वेच्या जुन्या फाटकापाशी आली. पाइप रुळाखालून पलीकडं जातो. तुळशीराम खड्ड्यात उतरला, सळईचं टोक टेकवलं. बेबीताई वाकली, कान लावला. आवाज नाही. तिनं कान बदलला. तुळशीरामनं चाबीनं पाइपावर ठोका दिला, तर पाइप रिकाम्या हंड्यासारखा वाजला. ढण्ण.

"कोरडा हाय," तुळशीराम म्हणाला. "लय वर्षांचा कोरडा दिसते."

बेबीताई फोन काढून खड्ड्याच्या काठावर बसली. जुना रिमार्क पुसला. अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत नवा लिहिला.

"खाली हाय. अन् खाली बी हाय."

फोन पदराला पुसला, तुळशीरामला हात देऊन वर ओढलं आणि पुढच्या नाल्याकडं निघाली. पाणी सुटायची वेळ संपत आली होती.